बासष्ट किलो, अपुष्ट

ही गोष्ट खरी आहे. एवढं वाचून तुमच्यातले निम्मे लोक हसणार, मला माहीत आहे. खुशाल हसा. पण ज्या बाईच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी आत्या आहे, आणि खोटं बोलणं सोडाच, ती अर्धवट खरंसुद्धा बोलत नाही.

दूध नासलंय असं कुणी म्हटलं तर ती आधी वास घेते, मग थेंबभर चाखते आणि मग म्हणते, "हो, नासलंय." माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा चांगला आहे असं तीन नातेवाइकांनी सांगितलं. आत्या म्हणाली, "तिघांनाही एकाच माणसाने सांगितलंय. हा एकच पुरावा झाला."

नोकरीच तशी होती तिची.

आणखी एक सांगते. भुताची गोष्ट म्हटली की तुम्हाला काळोख लागतो, कुत्री रडायला लागतात. इथे तसलं काही नाही. हे सगळं भर सकाळी पावणेदहाला, ट्यूबलाइटच्या उजेडात, ऑफिसच्या लिफ्टमध्ये घडलं.

लढाईचा चौथा महिना होता. मंगळवार.

आत्या एका वृत्तसंस्थेत पडताळणीच्या कामाला होती. समुद्रावर रोज काहीतरी व्हायचं आणि रोज कुणीतरी छातीठोकपणे सांगायचं, अमुक जहाज बुडालं. शत्रू म्हणायचा, पाच बुडवली. आपलं नौदल म्हणायचं, एकही नाही. खरं काय ते शोधायचं काम आत्याच्या विभागाचं. विभाग म्हणजे तरी कोण? आत्या, आणि उपग्रहाचे फोटो बघून बघून डोळ्यांची वाट लागलेला एक सहकारी. त्याला सगळे नकाशेवाला म्हणायचे.

भिंतीवर एक मोठा फळा होता. आपल्या प्रत्येक जहाजाचं एक कार्ड. शत्रूची जहाजं मोजायला वेगळा विभाग होता, ती इथे नव्हती. जहाज बुडाल्याची नुसती आवई उठली तर कार्डावर पिवळी टाचणी लागायची, म्हणजे अपुष्ट. खात्री पटली की काळी. आणि खात्री पटायला दोन पुरावे लागायचे, एकमेकांशी काडीचाही संबंध नसलेले.

हा नियम आत्याने एकदाच मोडला होता. पहिल्याच महिन्यात. एकच फोटो होता, पण इतका स्पष्ट, की तिने काळी टाचणी लावली आणि बातमी गेली. त्या जहाजावरच्या एका खलाशाच्या वडिलांनी बातमी वाचली आणि ते बसल्या जागी गेले. दहा दिवसांनी जहाज धडधाकट परत आलं. फोटोतलं जहाज दुसरंच होतं, आकडा फक्त रंगवलेला.

तेव्हापासून आत्या घरी आली की तासभर नुसती बसून राहायची. जेव म्हटलं तर जेवायची, झोप म्हटलं तर झोपायची. "थकलेय गं," एवढंच म्हणायची. महिनोन्महिने ती तेवढंच म्हणत होती.

तर त्या मंगळवारी फळ्यावर एकच पिवळी टाचणी होती. जहाज क्रमांक चौतीस. समुद्रातले सुरुंग वेचणारं छोटंसं जहाज, वर एकतीस माणसं. शत्रूने एक व्हिडिओ टाकला होता. धूर, ज्वाळा आणि धुरात अर्धवट दिसणारा चौतीसचा आकडा. अकरा दिवस झाले होते. दुसरा पुरावा मिळत नव्हता.

आणि त्या एकतीस माणसांत लिफ्टवाल्या काकांचा मुलगा होता.

काका म्हणजे हडकुळे, पांढऱ्या मिशांचे, खाकी शर्ट घालून स्टुलावर बसणारे. तीस वर्षं तीच लिफ्ट चालवत होते. मुलाला सगळे बारक्या म्हणायचे. बायको लवकर गेली, काकांनी एकट्याने त्याला वाढवला. रोज सकाळी आत्या लिफ्टमध्ये शिरली की काका बटण दाबायच्या आधी विचारायचे,

"आज काय, मॅडम?"

"अपुष्ट, काका."

"मग ठीक."

आणि लिफ्ट निघायची. आत्याचं ऑफिस चौथ्या मजल्यावर. आत्याला रोज वाटायचं की उद्या आपल्याला वेगळं काही सांगावं लागलं तर? जीव टांगणीला लागलेला, त्यांचा आणि हिचाही.

त्या मंगळवारी आत्या लिफ्टमध्ये पाय ठेवते न ठेवते तोच...

घंटा वाजायला लागली.

वजन जास्त झालं की वाजते ती घंटा. आत पाटी होती, माणसं आठ, वजन पाचशे चव्वेचाळीस किलो. आणि आत होते काका आणि आत्या.

"मॅडम, आज डब्यात दगड आणलेत की काय?" काका हसले.

"तुमच्या मशिनीला म्हणावं डोळे तपास," आत्या म्हणाली आणि बाहेर आली. घंटा बंद झाली.

पुन्हा आत गेली. पुन्हा घंटा.

"तुम्ही व्हा पुढे, मी जिन्याने येते. नाहीतरी डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

चौथ्या मजल्यावर ती धापा टाकत पोचली तेव्हा काका लिफ्टच्या दारात उभे होते. हातात फडकं होतं आणि चेहरा उतरलेला.

लिफ्टची फरशी ओली होती.

"कुणी पाणी सांडलं, काका?"

"मी एकटाच होतो, मॅडम."

पाण्याला वास होता... डिझेलचा आणि मिठाचा.

त्याच दुपारी मेकॅनिक आला. लिफ्ट वरखाली केली, स्प्रिंगा तपासल्या, स्वतः आत नाचून बघितलं. बिघाड काही सापडेना. शेवटी त्याने आत एक छोटा डबा बसवला, लाल आकड्यांचा. आत किती वजन आहे ते त्यावर दिसणार.

"चुकतो का हा?" आत्याने विचारलं. सवयीने.

"एखादा किलो इकडेतिकडे. बाकी मशीन कशाला थापा मारेल, बाई?"

आत्याने खात्री करून घेतली. काका एकटे उभे राहिले, चोपन्न. आत्या एकटी उभी राहिली, तेव्हा तिने काकांना तोंड फिरवायला लावलं. एकाहत्तर.

बुधवारी सकाळी पावणेदहाला ती लिफ्टपाशी आली, पण आत शिरली नाही. बाहेरूनच बघितलं.

काका स्टुलावर बसले होते. एकटे.

डब्यावर आकडा होता... चारशे चौऱ्याहत्तर.

काकांनी तिच्याकडे बघितलं. तिने काकांकडे. दार लागलं, लिफ्ट वर गेली. दोन मिनिटांनी काका खाली आले. आकडा चोपन्न. दार उघडं राहिलं. बाहेरून कुणी आत आलं नाही... आणि आकडा चढायला लागला. एकशे वीस. एकशे नव्वद. दोनशे पंचावन्न. एकेक माणूस आत शिरावा तसा.

आत्या म्हणते, तेव्हाही तिचं डोकं आपलं काम करत होतं. सवय वाईट. ती मोजत होती.

एका फेरीला सहा जण. अशा पाच फेऱ्या.

सहाव्या फेरीला आकडा एकशे सोळावर थांबला. काका चोपन्न. उरले बासष्ट.

पाच साही तीस. आणि हा एकटा.

एकतीस.

काकांनी त्या फेरीला बटण लगेच दाबलं नाही. ते कोपऱ्याकडे बघत होते. तिथे कुणीही नव्हतं. फरशीवर दोन ओले ठसे होते, अनवाणी पायांचे.

"मॅडम," काका हळूच म्हणाले, "आमचा बारक्या भरतीच्या वेळी बासष्ट भरला होता. एक किलो कमी पडला असता तर घेतला नसता. आदल्या दिवशी केळी चारली होती मी त्याला."

काकांनी बटण दाबलं.

ते सगळे चौथ्या मजल्यावर जात होते. तिच्याकडे. आणि दिवसभरात खाली कुणीही येत नव्हतं.

ऑफिसमध्ये तिच्या खोलीबाहेर एक लांब बाक होता, भेटायला येणाऱ्यांसाठी. बुधवारी दिवसभर तो बाक करकरत राहिला. नकाशेवाला म्हणाला, "लाकूड फुगलंय." त्याला वासही आला. म्हणाला, "खाली जनरेटर चालू असेल." तो बिचारा दोन-दोन पाळ्या करत होता. त्याच्या टेबलावर हत्ती येऊन बसला असता तरी त्याने विचारलं नसतं.

दुपारी तीनला चौतीसचं कार्ड फळ्यावरून पडलं.

आत्याने उचलून परत लावलं.

पुन्हा पडलं. टाचणी फळ्यातच होती. कार्ड तेवढं खाली.

त्यात साहेबांचा तगादा सुरू झाला. साहेब म्हणजे विभागाचे प्रमुख. "बाई, सगळं जग म्हणतंय चौतीस गेलं. आपणच काय ते हरिश्चंद्र?"

"एकच पुरावा आहे, साहेब."

"अहो, पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"

आता काय सांगणार ती? की साहेब, एकतीसच्या एकतीस जण बाहेर बाकावर बसलेत, विचारून घ्या?

गुरुवारीही तेच, खाली न उतरताच पुन्हा खालून वर. पाच फेऱ्या आणि तो एकटा. संध्याकाळी सगळे घरी गेल्यावर आत्या खोलीच्या दारात उभी राहिली. बाहेर अजून ऊन होतं. रिकाम्या बाकाकडे बघून ती बोलली. अगदी वैतागून, घरी आमच्यावर ओरडते ना, तशी.

"मला कळतंय तुम्ही कशाला येताय. पण माझ्याकडे एकच पुरावा आहे. एका पुराव्यावर मी एकदा लिहिलं आणि एक माणूस मारला. आता नाही लिहिणार. तुम्ही स्वतः आलात तरी नाही लिहिणार. दुसरा पुरावा आणा नाहीतर बसा गपचूप."

बाक एकदाच करकरला. लांबच लांब... सगळे एकदम उठल्यासारखा.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला नकाशेवाला खुर्चीतून ताडकन उठला.

"मॅडम! मासेमारीच्या बोटीवरच्या एकाने फोटो पाठवलाय. जाळ्यात आलं म्हणतो."

फोटोत बुडणाऱ्याला फेकतात ती तरंगती रिंग होती, लाल-पांढरी, अर्धी जळालेली. तिच्यावर चौतीस. नकाशेवाल्याने जागा ताडून बघितली. त्याच भागात उपग्रहाच्या फोटोत तेलाचा लांब पट्टा होता. मासेमारीवाल्याने तो व्हिडिओ पाहिलेलाही नव्हता. त्याच्याकडे पंधरा दिवस नेटच नव्हतं.

दोन पुरावे.

आत्याने बातमी लिहिली. जहाज क्रमांक चौतीस बुडाल्याची पुष्टी. एकतीस खलाशांचा ठावठिकाणा नाही. चार वाजून दहा मिनिटांनी बातमी गेली. तिने पिवळी टाचणी काढली आणि काळी लावली. आता चार मजले खाली जाऊन एका बापाला सांगायचं होतं.

आणि तेवढ्यात बाहेर लिफ्टचं दार उघडलं.

कुणी बोलावली नव्हती. काका तर खाली होते, त्यांच्या चहाची वेळ. आत्या दारापर्यंत आली. रिकामी लिफ्ट उभी होती, आणि आकडा चढत होता. चारशेच्या वर गेला. दार लागलं. लिफ्ट खाली गेली.

पुन्हा वर आली. पुन्हा भरली. पुन्हा खाली.

पाच फेऱ्या. ते चालले होते. चार दिवसांत पहिल्यांदाच.

सहाव्यांदा लिफ्ट वर आली. दार उघडून थांबली. आकडा शून्य... शून्य... मग बासष्ट.

दार लागलं नाही.

तो जात नव्हता. वाट बघत होता.

आत्याला जिन्याने जाता आलं असतं. मी असते तर खिडकीतून उडी मारली असती. पण ती म्हणते, "मला वाटलं काकांचा मुलगा आहे. त्याला एकटं कसं खाली पाठवू?" ती आत शिरली. एकशे तेहतीस. अख्खे चार मजले ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. मानेवर गार हवा लागत होती. मागे बघायची छाती झाली नाही.

खाली काका स्टूल बाहेर घेऊन बसले होते. त्यांच्यासमोरून रस्त्याच्या दारापर्यंत ओले ठसे गेले होते, एकावर एक. रस्त्यावर पोचून वाळलेले.

"तीस गेले," काका म्हणाले. "मी मोजले."

मग त्यांनी डब्यावरचा आकडा पाहिला आणि उठून उभे राहिले.

"आज काय, मॅडम?"

आत्याने तोंड उघडलं. काकांनी हात वर केला.

"जहाजाचं नाही विचारत. जहाजाचं कळलं मला. बारक्याचं विचारतोय."

नियमाप्रमाणे बघितलं तर बारक्याचा एकच पुरावा होता, बासष्ट किलो. प्रेत नाही, यादी नाही, कागद नाही. पण मनातून आत्याची खात्री पटली होती. काकांचीही. तरी ती म्हणाली,

"अपुष्ट, काका."

"मग ठीक," काका म्हणाले, आणि स्टूल उचलून आत गेले.

पुढचे चार महिने तो लिफ्टमध्येच राहिला.

तुम्ही म्हणाल, कसं शक्य आहे? अहो, माणसाला कशाचीही सवय होते. काकांनी कोपऱ्यातल्या खुंटीवर बारक्याचा जुना स्वेटर अडकवला. गर्दी झाली की म्हणायचे, "त्या कोपऱ्यात नका उभे राहू, तिथे गळतंय." आणि लिफ्टमध्ये दोघंच असली की सरळ बोलायचे त्याच्याशी. "बारक्या, सरक जरा, मॅडमना जागा दे." आत्याही म्हणायला लागली, "काय रे बारक्या, बरा आहेस ना?" तिला बरं वाटायचं त्यात. निदान एका घरी तिने वाईट बातमी दिली नव्हती.

एक गोष्ट मात्र व्हायची.

बारक्या म्हणून हाक मारली की धोक्याची घंटा वाजायची. कुणी बटण न दाबता. कधी लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्येच अडायची. फरशी ओली व्हायची.

"लाडात आलाय," काका म्हणायचे. "लहानपणापासून असाच, हाक मारली की नाटकं."

आणि दोघं हसायची. आत्या मला हे सांगताना इथे थांबली होती. पुसलेलंच भांडं परत पुसत राहिली.

मग लढाई संपली. दोन्हीकडचे कैदी सोडायचं ठरलं. नावांची यादी आली तेव्हा ती पडताळायचं काम आत्याकडेच आलं. सतराव्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

जहाज क्रमांक चौतीस. खलाशी. वय चोवीस. जिवंत.

तिने नाव चार वेळा वाचलं. छावणीत फोन लावला, दुसरीकडे फोटो मागवला. दोन पुरावे. मग चप्पल न घालता जिन्यावरून धावत गेली. गुडघेदुखी कुठल्या कुठे पळाली.

"काका! पुष्टी झाली! आहे! बारक्या आहे!"

काका स्टुलावरून खाली बसले ते फरशीवरच. हसत होते की रडत होते ते त्यांनाही कळत नसावं. आत्याचा जीव भांड्यात पडला. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिला थकवा वाटत नव्हता.

मग तिची नजर वर गेली.

आत काका होते. ती दारात होती, पाय बाहेर.

डब्यावर आकडा होता... एकशे सोळा.

बारक्या पुढच्या आठवड्यात आला. वाळून काडी झालेला, डोक्यावरचे केस कापलेले. वडिलांचा हात धरून बिल्डिंगमध्ये शिरला. सगळं ऑफिस खाली जमलं होतं. साहेबांचेसुद्धा डोळे ओले. आत्यानेच त्याला म्हटलं, "चल वर, चहा घे." लिफ्टच्या दाराशी पोचल्यावर तो थबकला.

"आबा, हा वास कसला?"

"कसला रे?"

"आमच्या इंजिनखोलीचा." त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "कोण आहे आत?"

आत्यानेच विचारलं, अगदी हळू, ऑफिसमध्ये फोनवर विचारायची तशी.

"जहाजावर किती जण होतात तुम्ही?"

"एकतीस. मला धरून."

"मी एकतीस मोजले होते रे. तुला सोडून."

बारक्याने खुंटीवरचा आपला स्वेटर पाहिला. मग म्हणाला,

"जहाज बुडायच्या आदल्या दिवशी आम्ही पाण्यातून एकाला वर काढलं होतं. समोरच्यांचा, शत्रूकडचा होता. त्याचं जहाज दोन दिवसांपूर्वी बुडालं होतं, हातवारे करून सांगितलं त्याने. त्याची बोली आम्हाला येत नव्हती. थंडीने कुडकुडत होता. मी माझे कपडे दिले त्याला घालायला." त्याने अंगावरचा शर्ट चिमटीत धरला. "बरोब्बर बसले, मॅडम. माझ्याच मापाचा होता."

बासष्ट किलो.

"त्याचं नाव?"

"सांगितलं होतं. दोनदा सांगितलं, छातीवर हात ठेवून." बारक्याने तसाच हात ठेवून दाखवला. "नाही आठवत. मी खूप प्रयत्न केला. नाही आठवत."

आत्या म्हणते, तिच्या पायाखालची जमीन तेव्हा सरकली, आधी नाही. एका पुराव्यावर जहाज बुडवायचं नाही, हे तिने रक्ताने शिकून घेतलं होतं. आणि एका पुराव्यावर, नुसत्या वजनावर, तिने एक आख्खा माणूस ठरवून टाकला. तो चौतीसच्या बातमीसाठी नव्हे, स्वतःच्या बातमीसाठी आला होता तिच्याकडे. ज्यांनी पाण्यातून काढलं त्यांच्या मागून, सगळ्यात शेवटी, एकटा. त्याचं जहाज तिच्या फळ्यावर नव्हतंच. ते तीस जण सुटले. आणि याला चार महिने ती दुसऱ्याच्या नावाने हाका मारत राहिली. तो घंटा वाजवून सांगत होता की मी नाही तो, मी नाही तो.

दोघंही त्यावर हसत होती.

तिने त्याच दिवशी चौकशी सुरू केली. समोरच्यांचं नौदल म्हणतं, त्या तारखांना आमचं एकही जहाज बुडालेलं नाही. जे जहाज गेलंच नाही, त्यावरचा माणूस तरी कुठून हरवणार? ती पत्रं लिहिते. तिकडच्या बेपत्ता खलाशांच्या घरच्यांच्या गटांना विचारते, फोटो मागवते. नकाशेवाला नोकरी सोडून गेला, पडताळणी विभाग बंद झाला, फळाही काढला. आत्याला त्याच मजल्यावर दुसरं काम दिलंय. तिच्या टेबलावर काचेखाली एक कोरं कार्ड आहे. त्यावर लिहिलंय, जहाज माहीत नाही, माणूस एक. कोपऱ्याला पिवळी टाचणी.

बारक्याने वडिलांना सांगून पाहिलं की ही नोकरी सोडा, आता मी आहे. काका नाही म्हणाले. स्वेटरही त्यांनी काढला नाही.

"अरे, मला चार महिने सोबत केली त्याने, तुझ्या जागी," ते म्हणाले. "आणि त्याचाही बाप असेल ना कुठेतरी. रोज सकाळी कुणालातरी विचारत असेल, आज काय?"

हे सगळं आत्याने मला एकदाच सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात, भांडी पुसताना. मी म्हटलं, "आत्या, यालाही दोन पुरावे हवेत." ती म्हणाली, "एक मी सांगितला. दुसरा तू जाऊन बघ."

मागच्या महिन्यात मी गेले. सकाळी पावणेदहाला. ऊन होतं, रस्त्यावर गर्दी होती, कुणीतरी खाली मोटारसायकल पुसत होतं. आम्ही तिघं लिफ्टमध्ये शिरलो, काका, आत्या आणि मी. काका चोपन्न. आत्या एकाहत्तर. मी त्याच दिवशी घरी वजन करून निघाले होते, पासष्ट. मी मनात बेरीज केली. एकशे नव्वद.

डब्यावर दोनशे बावन्न होतं.

काकांनी बटण दाबलं नाही. ते आत्याकडे बघत होते. आत्या कोपऱ्याकडे वळली, स्वेटरच्या खाली, जिथे कुणी नव्हतं. आणि ज्या आवाजात ती मला लहानपणी ताप आला की समजवायची, त्या आवाजात म्हणाली,

"अपुष्ट, बाळा. अजून अपुष्ट. शोधतेय मी."

घंटा वाजली नाही.

लिफ्ट हळूहळू वर निघाली. मी डोळे मिटून घेतले होते. चौथ्या मजल्यावर दार उघडलं तशी मी बाहेर पडले आणि आत्याला नीट निरोपही न देता जिन्याकडे गेले. दोन मजले उतरल्यावर माझ्या लक्षात आलं की पायाला गार लागतंय.

माझी डावी चप्पल भिजली होती. त्या कोपऱ्याच्या बाजूची.